परिचारिकेचा गणवेश आणि फौजदारी कायदा
(पालक-विद्यार्थिनी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी वकील नाही आणि डॉक्टरही नाही. इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकविणारा एक शिक्षक आहे. तरीही आज या विषयावर उभा राहिलो, त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात बारावीच्या एका मुलीचे वडील मला भेटायला आले. मुलीला नर्सिंगला जायचे आहे, गुणही चांगले आहेत. वडील म्हणाले, "सर, मुलगी शिकायला माझी ना नाही. पण नगरला काय झाले ते आम्ही टी.व्ही.वर पाहिले. उद्या वॉर्डात काही झाले तर डॉक्टर सुटेल आणि माझी मुलगी आत जाईल."

त्यांची भीती पोकळ नाही. ६ नोव्हेंबर २०२१ रोजी अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली. त्या दिवशी अकरा रुग्ण दगावले. तीन-चार दिवसांत ज्यांना अटक झाली त्यांत एक डॉक्टर आणि तीन परिचारिका होत्या. आग लागण्यास जबाबदार कोण आणि रोग्यांना सोडून बाहेर पडण्यास जबाबदार कोण, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पण सामान्य माणसाच्या मनात राहिले ते हातकडीचे चित्र. म्हणून त्या गृहस्थांना मी तोंडदेखले "काळजी करू नका" असे म्हटले नाही. चार दिवसांची मुदत मागितली आणि वाचायला बसलो. जे कळले ते आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक घोळ दूर करू. परिचारिकेच्या हातून चूक झाली म्हणजे गुन्हा झाला, असे कायदा म्हणत नाही. चुकीमुळे रोग्याचे नुकसान झाले तर भरपाई मागण्याचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा किंवा ग्राहक आयोगाचा. तिथे प्रश्न पैशांचा असतो, आणि बहुतेक वेळा तो पैसा रुग्णालयाला भरावा लागतो, कारण नोकराच्या कामाची जबाबदारी मालकावर येते. फौजदारी खटल्यात प्रश्न शिक्षेचा असतो. म्हणून तिथे नुसती चूक पुरत नाही. निष्काळजीपणा ढोबळ आणि डोळ्यांवर येण्याजोगा असावा लागतो, आणि तो निःसंशयपणे सिद्ध व्हावा लागतो.

हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी जेकब मॅथ्यू खटल्यात पक्के केले. हकिकत लुधियानातील एका रुग्णालयाची, १९९५ सालची. रात्री अकराच्या सुमारास एका वृद्ध रोग्याला श्वास घेता येईना. मुलाने नर्सला सांगितले, नर्सने डॉक्टरांना निरोप धाडला. डॉक्टर यायला वीस-पंचवीस मिनिटे लागली. ऑक्सिजनचे सिलिंडर लावले तर ते रिकामे! मुलगा शेजारच्या खोलीतून दुसरे घेऊन आला, पण ते चालू करण्याची सोय नव्हती. पाच-सात मिनिटे गेली आणि रोगी गेला. खटला दोन डॉक्टरांवर झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालय म्हणाले, रुग्णालयावर दिवाणी जबाबदारी येऊ शकेल, पण रिकाम्या सिलिंडरसाठी या डॉक्टरांना गुन्हेगार ठरविता येणार नाही. वैद्यकीय क्षेत्रातील साधारण समजूतदार व्यक्तीने जे कधीच केले नसते ते आरोपीने केले, असे दाखविल्याशिवाय फौजदारी खटला चालू नये. खासगी तक्रार असेल तर दुसऱ्या जाणकार डॉक्टरांचे मत आधी हवे, आणि सरसकट अटक करू नये.

आता शिक्षक म्हणून मला शब्दांकडे पाहण्याची खोड आहे. खटल्याच्या कसोटीबद्दल बोलताना निकालात "वैद्यकीय व्यावसायिक" असा शब्द आहे, तो व्यापक आहे. अटकेबद्दल बोलताना मात्र "डॉक्टर" असा शब्द आहे. या फरकाची किंमत परिचारिकेला मोजावी लागते.

आणि १ जुलै २०२४ पासून तो फरक कायद्याच्या पुस्तकातच शिरला आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत, १८६० च्या, कलम ३०४-अ होते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत शिक्षा, मग तो ट्रक ड्रायव्हर असो, डॉक्टर असो की नर्स. आता भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ आले. त्यात सर्वसाधारण शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढली. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून उपचार करताना मृत्यू घडला तर मात्र ती दोनच वर्षांपर्यंत. हा व्यवसायी कोण, तेही तिथेच सांगितले आहे : राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याखालील पदवी असलेला आणि वैद्यक नोंदवहीत नाव असलेला. परिचारिकेचे नाव नर्सिंग परिषदेच्या नोंदवहीत असते. म्हणजे एकाच खाटेपाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी डॉक्टरला कमाल दोन वर्षे आणि नर्सला कमाल पाच! मला हे न्याय्य वाटत नाही, आणि तसे मी उघड म्हणतो. पण जो कायदा आहे तो आपल्या मुलींना आधी माहीत हवा. रोगी वाचला पण त्याला जबर दुखापत झाली, तर कलम १२५ आहे, तीन वर्षांपर्यंत.

दिल्लीचा एक खटला प्रत्येक विद्यार्थिनीने लक्षात ठेवावा. विषमज्वर झालेले एक लहान मूल १९९३ साली खासगी रुग्णालयात दाखल झाले. नर्सने वडिलांकडून इंजेक्शन आणविले आणि शिरेतून दिले. औषध चुकीचे होते. मूल आईच्या मांडीवरच कोसळले आणि मेंदू कायमचा निकामी झाला. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली. त्यात आईवडिलांच्या मनस्तापाबद्दल वेगळे पाच लाख होते. ती नर्स पात्रताधारक नव्हतीच, असे चौकशीत आढळले होते. तेव्हा पालकांनो, स्वस्तात सहा महिन्यांचे प्रमाणपत्र देणाऱ्या दुकानापासून दूर राहा. ए.एन.एम., जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग, आणि नंतर परिषदेकडे नोंदणी, हाच रस्ता.

"डॉक्टरांनी सांगितले म्हणून केले" हा बचाव चालतो का? नागरिकशास्त्राच्या तासाला हा प्रश्न मी विचारतो, तर मुली एकमुखाने "हो" म्हणतात. उत्तर "नाही" असे आहे. मालकाच्या हुकमावरून केलेला गुन्हा गुन्हाच राहतो. डोस उघड उघड चुकीचा दिसत असेल तर थांबून पुन्हा विचारणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे. त्याला उद्धटपणा म्हणत नाहीत. बिल भरेपर्यंत रोग्याला दारातून सोडू नका, असा हुकूम मिळाला आणि नर्सने दार अडविले, तर अन्यायाने अडकवून ठेवल्याचा आरोप, कलम १२७ खाली, दार अडविणाऱ्यावरही येतो.

इथे घरची गोष्ट सांगतो. माझी थोरली बहीण स्टाफ नर्स आहे. आम्ही तिला आपा म्हणतो. काही वर्षांपूर्वी ती तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात रात्रपाळी करीत होती. शस्त्रक्रिया झालेल्या एका बाईचा रक्तस्राव थांबेना. आपाने डॉक्टरांना तीनदा फोन केला. "सकाळी बघू" असे उत्तर आले. तिने प्रत्येक वेळी घड्याळाची वेळ, नाडी, रक्तदाब आणि मिळालेले उत्तर नर्सिंगच्या कागदावर लिहून ठेवले आणि सकाळी ओव्हर देताना दुसऱ्या सिस्टरला ते वाचून दाखविले. नऊच्या आत बाई गेली. दुपारी मालकांनी आपाला खोलीत बोलावले आणि कोरा कागद पुढे केला : "तेवढे पान नीट लिहून दे, पगार वाढवू." ती म्हणाली, "लिहिलेले आहे ते नीटच आहे." पोलिसांनी तिला पाच तास बसवून जबाब घेतला. अब्बा बाहेरच्या बाकावर बसून होते. पण ते पान हाती आल्यावर आपा आरोपी न होता साक्षीदार झाली. तिने पान बदलले असते तर खोटा पुरावा तयार करण्याचा वेगळा गुन्हा तिच्याच माथी आला असता. नोकरी मात्र गेली. सहा महिने घरी बसली. आज ती सरकारी रुग्णालयात आहे.

केसपेपरवर खाडाखोड न करणे, चुकलेल्या ओळीवर एकच सरळ रेघ मारून सही करणे, तोंडी ऑर्डर वेळेसह लिहून डॉक्टरांची सही नंतर घेणे, या गोष्टी मला तिने शिकविल्या. मी आता शाळेचे हजेरीपट तसेच ठेवतो!

काही कायदे असे आहेत की तिथे गप्प राहणे किंवा एक शब्द बोलणे हाच गुन्हा होतो. १९९४ च्या गर्भलिंग निदानाच्या कायद्याने पोटातील मूल मुलगा की मुलगी हे शब्दांनी, खुणेने, कशानेही सांगण्यास बंदी आहे. "पेढे आणा" किंवा "बर्फी आणा" म्हटले तरी ते सांगणेच झाले. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. उलट २०१२ च्या पॉक्सो कायद्यात बालकावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले आणि पोलिसांना कळविले नाही, तर सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. घरच्यांनी "आमची अब्रू जाईल, सिस्टर, लिहू नका" म्हणून हात जोडले तरी ही जबाबदारी संपत नाही. आपल्या वस्तीतही असे हात जोडले जातात, हे मला आणि तुम्हांलाही ठाऊक आहे. तसेच गर्भपात करण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत डॉक्टरला आहे. दुसऱ्या कोणी केला तर निदान दोन वर्षे सक्तमजुरी, कमाल सात.

जळीत रोग्यांच्या वॉर्डात तर परिचारिका कायद्याच्या अगदी मध्यभागी उभी असते. मरणाऱ्या व्यक्तीने मृत्यूच्या कारणाविषयी सांगितलेले शब्द पुराव्यात येतात, आणि ते ऐकणारा कोणीही असू शकतो. रात्री तीन वाजता, सासरची माणसे बाहेर गेल्यावर, सून जे बोलते ते बहुधा सिस्टरलाच ऐकू येते. ते शब्द तिच्याच भाषेत, आपली भर न घालता लिहून ठेवायचे आणि लगेच डॉक्टरांना व पोलिसांना कळवायचे.

संरक्षणही आहे. रोग्याच्या भल्यासाठी, त्याच्या संमतीने आणि सद्भावनेने केलेल्या कृतीला संहिता गुन्हा मानत नाही. फक्त सद्भावना म्हणजे नुसते चांगले मन नव्हे. पुरेशी काळजी आणि लक्ष देऊन केलेले काम, अशी त्याची कायद्यातील व्याख्या आहे. नातेवाइकांनी हल्ला केला तर महाराष्ट्राचा २०१० चा कायदा परिचारिकेला आणि नर्सिंगच्या विद्यार्थिनीलाही लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. १९७३ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर जो हल्ला झाला, त्यातील गुन्हेगार सात वर्षांच्या शिक्षेनंतर सुटला. अरुणाबाई मात्र १८ मे २०१५ पर्यंत त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या, आणि परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या शुश्रूषेचे तोंडभरून कौतुक केले. कायद्याने त्यांना ते काम कधीच सांगितलेले नव्हते.

त्या गृहस्थांना मी हे सर्व सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "पाच वर्षांचे ते कलम बदलेल का?" मी म्हटले, परिचारिकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मागितले तर बदलू शकेल. मग त्यांनी प्रवेशअर्जाची शेवटची तारीख विचारली. आज ते इथे आले आहेत. माझी आपाही आली आहे, ती मागच्या रांगेत बसली आहे. चहाच्या वेळी मुलींनी तिच्याकडे जावे. त्या बाकावरच्या पाच तासांविषयी ती माझ्यापेक्षा बरे सांगेल.