रक्तदाब मोजल्याशिवाय कळत नाही

“डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग मला कसलं आलंय बीपी?” दवाखान्यात हे वाक्य नेहमीचंच. पण रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना वर्षानुवर्षं काहीच जाणवत नाही. तो कळतो मोजल्यावरच.

मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू नको. पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसा, हात छातीच्या पातळीत टेबलावर ठेवा, आणि मोजताना गप्पा मारू नका. जिना चढून धापा टाकत घेतलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० च्या खाली येत नसेल, तर तो उच्च रक्तदाब.

हृदय, मेंदू, डोळ्यांचा पडदा यांना तो इजा करतोच. मूत्रपिंडांचं दुखणं मात्र फार उशिरा लक्षात येतं. पायांवर सूज दिसेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असू शकतं. म्हणून रक्त-लघवीची तपासणीही करून घ्यावी.

दिवसाचं मीठ पाच ग्रॅमच्या आत. त्यात पापड, लोणचं, फरसाणही आलं! आकडा उतरला म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, तो बहुधा गोळीमुळेच उतरलेला असतो. आणि अचानक तोंड वाकडं झालं, हातातली ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन लावा.