करीच्या दिवसाची भरली पाटवडी

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी कर. श्रावण सरलेला असतो, जावई येतो, दीर येतो, साऱ्यांना झणझणीत तर्री पाहिजे. पण तेव्हा कापूस अजून शेतातच उभा असतो, हाती पैसा नसतो. अर्धा किलो मटण आणलं तर बारा माणसांत कोणाला काय पुरणार? म्हणून आमच्या घरी भरली पाटवडी.

परदेशात, जर्मनीत, मांसाच्या पातळ कापात कांदा-मोहरी भरून गुंडाळी करतात, दोऱ्यानं बांधतात आणि रश्शात शिजवतात. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांतही अशी गुंडाळी होते. आपल्याकडे ते काम बेसन करतं. जुन्नरकडे हिलाच मासवडी म्हणतात. नावात मास, पण आत ना मांस, ना मासा!

आधी सारण. सुकं खोबरं किसून भाजा. दोन चमचे तीळ, एक चमचा खसखस, लसूण, तिखट, मीठ घालून जाडसर कुटा, वरून मूठभर सांबार. सारण कोरडं राहू द्या, ओलं झालं की वडी फुटते.

आता बेसन. दोन वाट्या बेसनाला चार वाट्या पाणी. तेलात जिरं, आलं-लसूण, हळद, तिखट घाला, पाणी ओता, मीठ टाका. उकळी आली की एका हातानं बेसन सोडा, दुसऱ्या हातानं घोटत राहा. गुठळी राहिली तर वडीत दिसतेच. झाकण ठेवून मंद आचेवर वाफ काढा. गोळा भांड्याच्या कडा सोडू लागला की तयार.

ओल्या फडक्यावर तो गरमच थापायचा. इथं उशीर केला की संपलं. माझ्या पहिल्या करीला मी पाहुण्यांना पाणी द्यायला उठले आणि परत येईस्तोवर बेसन घट्ट झालेलं. गुंडाळायला गेले तर मधोमध चिरलं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तोडून गोळे कर, कोणाला समजत नाही." कोणाला समजलंही नाही. तर थापून सारण पसरा, फडकं उचलत गुंडाळी करा, वरून दाबा. पूर्ण थंड झाल्यावरच कापा.

रश्शाला कांदा आणि खोबरं विस्तवावर भाजून वाटा. धणे, लवंग, दालचिनी, थोडं दगडफूल. तेल सुटेपर्यंत परता, मगच गरम पाणी घाला, म्हणजे तर्री वर येते. वड्या रश्शात उकळू नका. बेसन रस पिऊन घेतं आणि वडी विरघळते. ताटात वडी ठेवा, वरून रस्सा ओता.

आणखी एक गोष्ट. त्या वर्षी मी चोवीस वड्या मोजून केल्या होत्या. माणसं जेवून उठली आणि सासूबाई, मी अन् नणंद, आम्हा तिघींना रस्सा आणि भाकर उरली. सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांना सवयच होती. पुढच्या वर्षापासून मी कापतानाच सहा वड्या डब्यात घालून फडताळात ठेवते. पहिल्यांदा सासूबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आता त्याच विचारतात, "डबा ठेवला का गं?"