मुंबईचा पाऊस: नकाशा आणि रडार
नकाशाचे अ‍ॅप रस्त्यावरून सरकणाऱ्या मोबाइलच्या वेगावरून वाहतुकीची कोंडी ओळखते. पावसाळी मुंबईत एवढ्यावर भागत नाही. पाणी तुंबून गाड्या मंदावल्यावरच नकाशावरचा रस्ता लाल होतो. त्याआधीची सूचना हवामान खाते देते. कुलाबा आणि वेरावली येथील डॉप्लर रडार पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरी टिपतात. त्यांच्या आधारे पुढच्या ३ तासांचा अंदाज निघतो. सोबत भरतीची वेळ पाहणे फार मोलाचे, कारण मोठ्या भरतीत नाल्यांचे पाणी समुद्रात उतरत नाही आणि सखल भाग लवकर भरतात.