दुर्घटनेनंतरची नोंदवही



आम्ही बी. ए. झालेले, केंद्र सरकारच्या सेवेत केस पिकवलेले गृहस्थ. वैद्यक वा रसायन हा आमचा प्रांत नव्हे. परंतु नोंदवही, फाईल आणि पत्ता या तीन गोष्टींशी आमचा उभा जन्म गेला आहे. आणि एखाद्या मोठ्या दुर्घटनेनंतर लोकांच्या आरोग्याचे जे संशोधन होते, त्याचा पाया याच तीन गोष्टींवर उभा असतो. एवढ्याच अधिकाराने आम्ही हा विषय निवडला आहे.

लखनौ म्हटले की मराठी मनाला पंडित भातखंडे आणि १९२६ साली येथे सुरू झालेले संगीत विद्यालय आठवते, आणि तो अभिमान उचितच आहे. परंतु याच शहरात महात्मा गांधी मार्गावर विषविज्ञान भवन आहे. आपण त्याच्यासमोरून नित्य जातो-येतो. १९६५ साली प्रा. सिब्ते हसन झैदी यांच्या पुढाकाराने येथे औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्र स्थापन झाले. आज त्यास भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था म्हणतात. या केंद्राच्या शास्त्रज्ञांनी भोपाळच्या हजाराहून अधिक रहिवाशांची तपासणी केली होती, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

१९८४ सालच्या डिसेंबरातील २ व ३ तारखांमधील रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट वायू शहरावर पसरला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली, लाखो बाधित झाली. अशा वेळी पहिले कर्तव्य उपचाराचे, यात शंका नाही. तथापि त्याच वेळी दुसरे एक कर्तव्य उभे राहते आणि त्यास मुदत फार थोडी असते. कोण कोठे निजला होता? दार बंद होते की उघडे? तो वाऱ्याच्या दिशेने पळाला की विरुद्ध? वायू काही तासांत विरून जातो, रक्तातील खुणा काही दिवसांत पुसट होतात आणि माणसाची आठवण काही महिन्यांत दुसऱ्यांच्या आठवणींत मिसळते. त्या वेळी जे लिहून ठेवले नाही, ते पुढे कोणत्याही प्रयोगशाळेस शोधून काढता येत नाही.

लखनौच्या शास्त्रज्ञांनी श्वसनाची व क्ष-किरण तपासणी केलीच, शिवाय स्मरण आणि अवधान यांच्याही चाचण्या घेतल्या व त्यांत दोष आढळल्याचे १९८८ साली प्रसिद्ध केले. या कार्यात मराठी माणसेही मागे नव्हती. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत व त्यांच्या सहकाऱ्यांनी गॅसग्रस्तांच्या फुप्फुसांचा अभ्यास केला. पुढे गडचिरोलीतील कार्यामुळे सर्वविदित झालेल्या डॉ. राणी बंग यांनी १९८५ साली डॉ. मीरा सदगोपाल यांच्यासह भोपाळच्या स्त्रियांची तपासणी करून, ज्यांविषयी कोणी विचारतही नव्हते अशा स्त्रीरोगांकडे लक्ष वेधले. मेडिको फ्रेंड सर्कल या संस्थेच्या डॉक्टरांनी कारखान्यानजीकचे जयप्रकाश नगर आणि दूरचे अण्णानगर या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली. ही तुलनाच शास्त्राचा प्राण होय. खोकला तर सर्वत्र असतो. तो गॅसमुळे किती आणि दारिद्र्य व धुरामुळे किती, हे दोन वस्त्या शेजारी मांडल्याशिवाय सांगता येत नाही.

‘लोक मरत असता मोजमाप कसले करता?’ असा प्रश्न सहृदय माणसे विचारतात. त्यास उत्तर भोपाळनेच दिले आहे. शवविच्छेदन करणारे डॉ. हीरेश चंद्र यांना मृतांच्या रक्ताचा रंग असाधारण लाल दिसला आणि सायनाइडची शंका आली. तसे असेल तर सोडियम थायोसल्फेटचे इंजेक्शन उपयोगी पडावयास हवे. यावर मोठा वाद माजला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चाचणी घेतली आणि तीत रुग्णांना लाभ दिसला. तरीही ते औषध सर्वांपर्यंत पोहोचले नाही. अर्थात, विष कोणते हे ठरविणे हाच उपचाराचा प्रश्न होता. तसेच कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे डॉ. दया वर्मा यांनी कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आतील, त्या रात्री गर्भवती असलेल्या ८६५ स्त्रियांची माहिती मिळविली, तेव्हा सुमारे ४३ टक्के गर्भधारणांतून जिवंत मूल जन्मास आले नव्हते. हे मोजले गेले नसते तर त्या मातांचे दुःख कोणत्याच कागदावर आले नसते.

परिषदेने सुमारे ८०,००० गॅसग्रस्त आणि तुलनेसाठी सुमारे १६,००० अबाधित नागरिकांची नोंद करून अभ्यास आरंभिला. एवढे मोठे काम उभे करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु घरे बदलली, माणसे पांगली, नोंदलेली नावे वर्षागणिक हातची निसटत गेली. आणि १९९४ साली परिषदेने हे अध्ययन थांबविले. त्याचा विस्तृत अहवाल छापून निघाला तो २००४ साली. परिषदेची पर्यावरणीय आरोग्याची स्वतंत्र संस्था भोपाळात स्थापन झाली ती २०१० साली. मधल्या काळात त्या रात्री आईच्या कुशीत असलेली बालके स्वतः संसारी झाली होती.

याच्या शेजारी जपानचे उदाहरण ठेवावे. हिरोशिमा व नागासाकी येथील सुमारे १,२०,००० लोकांचा पाठपुरावा दशकानुदशके चालू राहिला आहे. तेथे प्रत्येक कुटुंबाची सरकारी नोंदवही असते, म्हणून माणूस गाव सोडून गेला तरी नोंदीतून सुटत नाही. मात्र अमेरिकनांनी आरंभी केलेल्या या तपासण्यांत उपचार मिळत नसत, याचा सल तेथील लोकांच्या मनात दीर्घकाळ राहिला. इटलीत सेवेसो येथे १९७६ साली डायॉक्सिन पसरले, तेव्हा डॉक्टरांनी हजारो लोकांचे रक्तनमुने गोठवून ठेवले. थोड्याशा रक्तातील ते विष मोजण्याची विद्या पुढे अवगत झाली आणि जुन्या नमुन्यांना वाचा फुटली.

या सर्वांतून आम्हांस तीन गोष्टी उमगतात. नोंद तत्काळ व्हावी. ती पिढीभर जपावी. आणि ज्याचे रक्त घेतले त्यास निष्कर्ष त्याच्या भाषेत सांगावा. तिसरी गोष्ट आम्ही सर्वांत महत्त्वाची मानतो. ज्या दारी सर्वेक्षक दहा वेळा येतो आणि एकदाही उत्तर घेऊन येत नाही, ते दार अकराव्या वेळी उघडत नाही; आणि मग दोष दार लावणाऱ्याचा नसतो.

आपण सारी बदलीची माणसे. आज लखनौ, उद्या भोपाळ, परवा गुवाहाटी. संशोधकाच्या यादीतून पहिल्याने गळणारी नावे आपल्यासारख्यांचीच असतात. म्हणून आमची विनंती अशी : घरातील प्रत्येकाचे आजारपणाचे कागद एका फाईलीत ठेवा आणि बदलीच्या सामानात ती फाईल भांड्याकुंड्यांच्या आधी बांधा. आरोग्याच्या पाहणीसाठी कोणी आले तर खरी उत्तरे द्या, नवा पत्ता कळवा आणि ‘यातून काय निष्पन्न झाले, ते आम्हांस केव्हा सांगणार?’ हेही निःसंकोच विचारा. मंडळानेही सभासदांची पत्त्यांची वही अद्ययावत ठेवावी. वर्गणीसाठी तिचा उपयोग होतोच. संकटकाळी त्याहून अधिक होईल.

विषविज्ञान भवनातील विद्वानांना मंडळाच्या व्यासपीठावर आमंत्रित करावे, अशी आमची सूचना आहे.