दंतोपचाराची भीती आणि गुंगीचे उपाय

दात ठणकू लागला की लवंग धरावयाची आणि ठणका थांबला की दवाखाना पुढे ढकलावयाचा, ही रीत शहरात व खेड्यात सारखीच आढळते. तिच्या मुळाशी नेहमी पैशाचीच अडचण असते असे नाही. पुष्कळदा सुई, चिमटा आणि यंत्राचा आवाज यांची धास्ती असते. परंतु टाळलेली कीड दाताच्या मुळाशी जाते, तेथे पू होतो आणि क्वचित प्रसंगी सूज गळ्यापर्यंत उतरून श्वासमार्ग अडवते. म्हणून भीती हा थट्टेचा नव्हे, उपचाराचाच विषय होय.

भुलीचा इतिहास दंतवैद्यांशीच निगडित आहे. डिसेंबर १८४४ मध्ये अमेरिकेतील हार्टफर्ड येथे होरेस वेल्स या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढून घेतला. १८४६ मध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने बोस्टन येथे ईथरचा जाहीर प्रयोग यशस्वी केला.

आज बहुतेक उपचारांस लिग्नोकेनचे इंजेक्शन पुरेसे ठरते. त्याने वेदना थांबते. भीती मात्र उरू शकते. तिच्यासाठी तीन मार्ग आहेत. पहिला, नाकावरील मुखवट्यातून प्राणवायूसह दिला जाणारा नायट्रस ऑक्साइड. रुग्ण जागा राहतो, सूचना ऐकतो आणि शुद्ध प्राणवायू दिल्यावर काही मिनिटांत सावध होतो. नाक चोंदलेले असल्यास मात्र त्याचा उपयोग होत नाही. दुसरा, डायझेपामसारखी गोळी. ती सोयीची असली, तरी तिचा परिणाम हवा तसा कमी-अधिक करता येत नाही व सुस्ती बराच वेळ टिकते. तिसरा, शिरेतून थोडेथोडे दिले जाणारे मिडाझोलाम. त्यानंतर पुष्कळांना उपचार आठवतही नाहीत. परंतु श्वास मंदावण्याचा धोका असल्याने प्रशिक्षित व्यक्ती, रक्तातील प्राणवायू मोजणारे यंत्र आणि फ्लुमाझेनिल हा उतारा जवळ असणे आवश्यक असते. यांपैकी कोणत्याही मार्गात दात बधिर करण्याचे इंजेक्शन सहसा द्यावेच लागते. संपूर्ण भूल ही रुग्णालयात, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच दिली जावी.

रुग्णाने आपले आजार, चालू औषधे, गर्भारपण व मद्यपानाची सवय लपवू नये. गोळी वा शिरेतील औषध घेतल्यावर सोबत प्रौढ व्यक्ती असावी आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाहन, मोटारपंप वा मळणीयंत्र चालवू नये, महत्त्वाच्या कागदावर सही करू नये.

या कामी शिक्षक व पंचायत सदस्य यांचे साहाय्य मोलाचे ठरेल. ‘ऐकले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक शाळेतून आणि घरातून जावा. दंततपासणी शिबिरात आलेल्या भित्र्या रुग्णाची वेगळी नोंद व्हावी व त्याला सोयी असलेल्या रुग्णालयाचा पत्ता मिळावा. भीती मोकळेपणाने सांगता आली, तर अनेक दात आणि काही प्राणही वेळीच वाचतील.