बैठक कधी ठेवायची?

आज आपण एका नेहमीच्या कटकटीवर बोलणार आहोत. चार वाड्यांवरच्या, चार गावांतल्या बायांची एकत्र बैठक घ्यायची तर दिवस आणि वेळ कशी ठरवायची? त्यासाठी फोनवर आता बऱ्याच सोयी आल्या आहेत. त्यातली कुठली आपल्या उपयोगाची आणि कुठली नाही, ते आज पाहू.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. आपल्या बचतगटाच्या नेहमीच्या बैठकीला यातलं काहीच लागत नाही. पंचसूत्रीतलं पहिलंच सूत्र नियमित बैठकीचं. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेला ओटा. ती बैठक दर वेळी फोनवर विचारून ठरवायला लागलो, तर हळूहळू ती बैठकच मोडेल. म्हणून तिला हात लावायचा नाही.

अडचण होते ती अधूनमधून घ्याव्या लागणाऱ्या बैठकीची. ग्रामसंघाची तातडीची बैठक, प्रभागसंघाची कार्यकारिणी, उत्पादक कंपनीच्या संचालिकांची बैठक. अशा वेळी होतं काय? व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कोणीतरी लिहितं, "ताई, बैठक कधी घ्यायची?" एक म्हणते मंगळवारी जमेल. दुसरी म्हणते मला कधीही चालेल. तिसरी नुसता अंगठा पाठवते, तो मंगळवारसाठी की आणखी कशासाठी, कळत नाही. मधेच कोणी सुप्रभातचं चित्र टाकतं. चाळीस निरोप होतात आणि शेवटी सचिवताई स्वतःच एक दिवस ठरवून मोकळ्या होतात. मग निम्म्या बायका येत नाहीत, कोरम भरत नाही आणि कर्जाचा ठराव पुढच्या महिन्यावर जातो. ज्या बाईला पेरणीआधी पैसे हवे होते, तिला ते पेरणी उरकल्यावर मिळतात. दिवस ठरवणं हे काम दिसायला लहान आहे, पण तिच्यासाठी त्याची किंमत मोठी असते.

आता सोयी पाहू.

पहिली सोय आपल्या हातातलीच, व्हॉट्सअ‍ॅपचा पोल, म्हणजे मतदान. २०२२ सालच्या अखेरीला ही सोय आली. ग्रुप उघडायचा, जोडणीचं चिन्ह दाबायचं, म्हणजे कागदाची क्लिप किंवा अधिकचं चिन्ह. त्यात पोल असतो. प्रश्न लिहायचा आणि खाली दिवस-वेळ लिहायच्या. बारापर्यंत पर्याय देता येतात, पण आपण तीन किंवा चारच द्यावेत. एकापेक्षा जास्त उत्तरं देता येण्याचं बटण चालू ठेवायचं, कारण आपल्याला सगळ्यात आवडता दिवस नको आहे, जमणारे सगळे दिवस हवे आहेत. फायदा असा, की नवीन काही शिकावं लागत नाही, मराठीत लिहिता येतं आणि मत नंतर बदलताही येतं.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. कोणी कुठल्या दिवसाला मत दिलं ते ग्रुपमधल्या सगळ्यांना दिसतं. अध्यक्षताईंनी पहिलं मत मंगळवारला दिलं, की बाकीच्या बायका मुकाट्यानं मंगळवारच दाबतात. जमत नसलं तरी. म्हणून अध्यक्ष, सचिव आणि सीआरपी ताईंनी आपलं मत सगळ्यात शेवटी द्यावं. एवढ्या एका गोष्टीनं उत्तरं खरी येतात.

दुसरी सोय आहे डूडलसारख्या वेबसाइटची. डूडल ही स्वित्झर्लंडमधली कंपनी, २००७ पासूनची. आपण तारखा भरायच्या, एक लिंक तयार होते, ती सगळ्यांना पाठवायची. प्रत्येकीनं आपलं नाव लिहून खुणा करायच्या. यात एक गोष्ट फार चांगली आहे. हो आणि नाही यांच्या जोडीला तिसरं उत्तर देता येतं, 'गरज पडली तर येईन'. आपल्या बायकांचं खरं उत्तर पुष्कळदा हेच असतं. पण फुकटच्या प्रकारात जाहिराती दिसतात, आणि जाहिरातीवर बोट पडलं की बाई भलतीकडेच पोहोचते. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेची फ्रामाडेट नावाची अशीच सोय आहे, तिथे जाहिराती नाहीत आणि खातंही काढावं लागत नाही. मात्र मराठी बटणं तिथेही नाहीत. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या पातळीवर, जिथे सगळ्या जणी संगणक वापरतात, तिथे या सोयी ठीक. गावपातळीवर त्यातलं 'गरज पडली तर' एवढं उचलावं आणि आपल्या पोलमध्ये वापरावं.

तिसरी सोय चौकटीची, व्हेन-टू-मीटसारखी. आठवड्याचे दिवस आडवे, तास उभे, आणि आपण मोकळ्या असू ते तास बोटानं रंगवायचे. संगणकावर हे सोपं जातं. लहान फोनवर, कामानं राठ झालेल्या बोटांनी तो एवढासा चौकोन रंगवणं अवघड आहे. ही सोय आपल्यासाठी नाही.

चौथी सोय गूगल कॅलेंडरची. शहरातल्या कार्यालयांत हीच वापरतात. प्रत्येकजण आपली कामं त्यात भरतो, मग फोनच सांगतो की सगळे कधी मोकळे आहेत. ऐकायला छान वाटतं. पण पाणी भरणं, वैरण आणणं, सासूबाईंना दवाखान्यात नेणं, पोराला शाळेतून आणणं, हे आपल्यापैकी कोण फोनमध्ये लिहून ठेवतं? कॅलेंडर कोरं दिसलं, की फोन म्हणतो ही बाई मोकळी आहे. ती मोकळी नसते, तिचं काम तिथे लिहिलेलं नसतं. म्हणून गटासाठी हे वापरू नका. सीआरपी ताईंनी स्वतःच्या भेटीगाठी आणि आठवणीसाठी मात्र जरूर वापरावं.

आपलं खरं कॅलेंडर भिंतीवर आहे. दुधाचा हिशेब, गॅसची तारीख, हप्त्याचा दिवस आपण त्यावरच लिहितो. पोल टाकण्याआधी त्यात डोकावा. बाजाराचा दिवस, सण, यात्रा, लग्नाची दाट तिथी, ग्रामसभा, लसीकरणाचा दिवस, हे सगळं वगळून उरतील तेच दिवस विचारायला घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे, किंवा घरातला फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात असतो, त्यांचं काय? पोलमध्ये त्यांचं मत येत नाही. आणि जिचं मत नाही, तिला काही अडचण नाही असं आपण धरून चालतो. एक उदाहरण घेऊ.

समजा, कार्यकारिणीत दहा जणी आहेत. कोरमला सहा लागतात. आठ जणींकडे मोठे फोन आहेत. पोल टाकला. मंगळवारी सकाळी ११ ला सहा मतं, बुधवारी दुपारी ३ ला पाच, गुरुवारी संध्याकाळी ५ ला चार. वरवर पाहिलं तर मंगळवार जिंकला. पण राहिलेल्या दोघींना फोन करून विचारलं, तर दोघीही मजुरीला जातात. मंगळवारी सकाळी आल्या तर दिवसाचा रोज बुडतो. त्यांना गुरुवारची संध्याकाळच जमते. आता मंगळवार सहा, बुधवार पाच, गुरुवार सहा. बुधवार गळाला. मंगळवार आणि गुरुवार बरोबरीत आले. मग पाहायचं, की जिच्याशिवाय काम अडतं ती कधी आहे? कोषाध्यक्षताईंची धनादेशावर सही लागते आणि त्यांना मंगळवारी जमत नाही, गुरुवारी जमतं. म्हणजे दिवस गुरुवार. शेजारच्या गावची शेवटची एसटी सव्वासहाला असेल, तर बैठक पाचला सुरू करून सहाला संपवायची आणि कर्जाचा ठराव पहिला घ्यायचा. ज्या चौघींना गुरुवार जमत नाही, त्यांचं म्हणणं आधी फोनवर ऐकून घ्यायचं आणि बैठकीत मांडायचं.

बघा, फोननं नुसते आकडे दिले. रोज कोणाचा बुडतो, सही कोणाची लागते, एसटी किती वाजता, हे फोनला माहीत नाही. ते आपल्याला माहीत आहे. म्हणून शेवटचा निर्णय फोनवर सोडायचा नाही.

मग आपण काय करायचं? पोल टाकताना बैठक सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, दोन्ही लिहा. 'येणार नाही' हाही पर्याय ठेवा, म्हणजे गप्प बसलेली कोण आणि न जमणारी कोण हे वेगळं कळतं. उत्तराला दोन दिवसांची मुदत द्या. प्रत्येक गावात एक ताई ठरवा, जी बटणाचा फोन असलेल्या बायकांना विचारेल आणि त्यांची मतं वहीत नावानिशी लिहून कळवेल. दिवस ठरला की एकच स्पष्ट निरोप पाठवा: वार, तारीख, वेळ, जागा, विषय. आणि आदल्या दिवशी आठवण करा.

एक सावधगिरीची सूचना. बैठकीची वेळ कळवायला आधार क्रमांक, बँक खातं किंवा पिन कधीच लागत नाही. एखाद्या लिंकनं ते मागितलं तर लगेच बाहेर पडा आणि ग्रुपवर सगळ्यांना सांगा. फसवणूक होऊन पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा, वेळ घालवू नका.

पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या ग्रामसंघातल्या सगळ्या जणींची यादी काढा आणि नावापुढे लिहा: मोठा फोन, साधा फोन, फोन नाही. तिसरा रकाना किती मोठा आहे ते सगळ्यांना दिसू दे. त्या रकान्यातल्या बायकांना निरोप कोण देणार आणि त्यांचं मत कोण आणणार, हे तिथल्या तिथे ठरवा आणि ठरावाच्या वहीत लिहा. मग पोल खुशाल टाका.