‘थांबा’ म्हणण्याची सोय

शाळेंतील शुद्धलेखनाचा तास बहुतेक श्रोत्यांना आठवत असेल. गुरुजी संथपणें वाक्य सांगतात, मुलें लिहीत जातात. एखादा मुलगा मागें पडतो. तो धीट असला तर हात वर करून म्हणतो, ‘गुरुजी, थांबा.’ गुरुजी थांबतात, त्याचें वाक्य पुरें होतें आणि मग काम पुढें चालतें. दुसरा मुलगा बुजरा. तोही मागें पडतो, पण बोलत नाहीं. राहिलेले चार शब्द सोडून देतो आणि पुढचें वाक्य धरतो. त्याची वही पाहिली तर अक्षर वळणदार, ऱ्हस्वदीर्घ बिनचूक. मात्र मधले चार शब्द नाहींत. अशी चूक डोळ्यांना लवकर सांपडत नाहीं. आजचा विषय यंत्रांच्या संभाषणाचा आहे. पण त्यांतील मुख्य अडचण या दोन मुलांच्या गोष्टींत सांठवलेली आहे.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ सालीं स्थापन झालें आणि पुढें त्याच्या वसाहती जिल्ह्याजिल्ह्यांतून उभ्या राहिल्या. बारामतीची वसाहत त्यांपैकींच एक. लोक तिला नुसतें ‘एमआयडीसी’ म्हणतात. तीनचाकी वाहनें, पोलादी नळ्या, दुधाचे पदार्थ यांचे मोठे कारखाने तेथें आहेत. अशा कारखान्यांच्या आसऱ्यानें लहान यंत्रशाळाही चालतात. समजा, अशाच एका यंत्रशाळेंत अंकांच्या आज्ञेवर चालणारें एक जुनें मिलिंग मशीन आहे. त्याची स्मृति तोकडी. साच्याच्या कामाचा हजारों ओळींचा प्रोग्राम तिच्यांत एकदम मावत नाहीं. म्हणून शेजारच्या संगणकांतून तो केबलवाटे थोडा थोडा भरवावा लागतो. रात्रपाळीला आय.टी.आय. शिकलेला एक तरुण कारागीर एकटाच आहे. पोलादाचा महागडा ठोकळा मशीनवर बांधलेला आहे. संगणकानें पाठविलेलें प्रत्येक अक्षर मशीनला मिळालें पाहिजे. न मिळालें तर सकाळीं दोष त्या पोराच्या माथीं येणार.

या केबलींतून अक्षरें एकामागून एक जातात आणि प्रत्येक अक्षराचे बिटही एकामागून एक जातात. म्हणून या पद्धतीला ‘सीरियल’ म्हणतात. ही रीत संगणकाहूनही जुनी, तारायंत्राच्या घराण्यांतील आहे. वेग मोजण्याचें ‘बॉड’ हें माप फ्रान्सचे तारायंत्रज्ञ एमिल बोदो यांच्या नांवावरून पडलें. पुढें टंकलेखन यंत्रासारखीं दिसणारीं दूरमुद्रक यंत्रें आलीं. इंग्रजींत त्यांना ‘टेलिटाइप’ म्हणत. त्याचें लघुरूप ‘टीटीवाय’. युनिक्स आणि लिनक्स या प्रणालींत आजही असें प्रत्येक दार ‘टीटीवाय’ याच नांवानें ओळखलें जातें, आणि त्याची मांडणी करणाऱ्या आज्ञेचें नांव आहे ‘एसटीटीवाय’, म्हणजे टीटीवाय लावून देणारी. ती टंकून दाराचें नांव सांगावें आणि शेवटीं ‘वजा ए’ म्हणावें, कीं त्या दाराच्या साऱ्या अटी पडद्यावर येतात. कारागिरानें पहिलें काम हें करावें. आधीं विचारावें, मग बदलावें.

संभाषणापूर्वीं दोन्ही बाजूंनीं चार गोष्टींवर एकमत केलें पाहिजे. पहिली वेग. दुसरी एका अक्षराचे बिट किती. तिसरी पडताळ्याचा बिट असावा कीं नसावा. चौथी अक्षर संपल्याची खूण किती लांब. जुन्या मशीनवर पुष्कळदां ४८०० बॉड, ७ बिट, सम पडताळा आणि २ अंत्य बिट अशी मांडणी आढळते. हा कागदी छिद्रपट्टीच्या काळचा वारसा आहे. एसटीटीवायला हेंच सांगावयाचें तर दाराच्या नांवापुढें ‘४८००’, ‘सीएस ७’, ‘पॅरेनबी’, ‘वजा पॅरऑड’ आणि ‘सीस्टॉपबी’ हे शब्द क्रमानें लिहावे. शब्दाआधीं ‘वजा’ म्हणजे ती अट रद्द. ‘वजा पॅरऑड’ म्हणजे विषम नको, सम हवा.

हिशेब सोपा आहे. आरंभाचा १, अक्षराचे ७, पडताळ्याचा १ आणि अंताचे २ मिळून एका अक्षरास ११ बिट लागतात. ४८०० भागिलें ११, म्हणजे सेकंदास सुमारें ४३६ अक्षरें. प्रोग्रामची एक ओळ २५ अक्षरांची धरली तर सेकंदास सतरा ओळी होतात. मशीनला मात्र एक ओळ पुरी करावयाला, म्हणजे पोलादांतून पातें फिरवावयाला, कधीं कधीं कांहीं सेकंद लागतात. सांगणारा घाईचा आणि लिहिणारा सावकाश, अशी ही जोडी आहे.

येथें पुष्कळांची एक गैरसमजूत होते. पडताळा आहे, मग चूक कशी होईल, असें त्यांना वाटतें. पडताळा काय करतो तें पाहावें. दशांशचिन्हाच्या टिंबाचा सांकेतिक अंक ४६. सात बिटांत तो ०१०१११० असा लिहितात. त्यांत ‘एक’ चार वेळां आला. चार हा सम आंकडा, म्हणून पडताळ्याचा बिट ०. वाटेंत एखादा बिट उलटला तर सम संख्येची विषम होते आणि चोरी पकडली जाते. पण तें टिंब सबंधच गळालें तर? उरलेलें प्रत्येक अक्षर पडताळ्याला खरें उतरतें. बुजऱ्या मुलाच्या वहींतलें वळणदार अक्षर तें हेंच. आणि टिंब गळणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. अनेक नियंत्रकांची अशी रीत असते कीं, शंभरापुढें टिंब असलें तर शंभर मिलिमीटर समजावयाचे, आणि नसलें तर शंभर सहस्रांश, म्हणजे अवघा एकदशांश मिलिमीटर. एका टिंबानें माप हजारपट चुकतें. चांगला नियंत्रक सांठा ओसंडला कीं धोक्याची सूचना देऊन थांबतो. पण ऐकणारें प्रत्येक यंत्र इतकें शहाणें असतेंच असें नाहीं. वेग जुळवून आणि पडताळा लावून ही चूक टळत नाहीं. त्यासाठीं ऐकणाऱ्याला ‘थांब’ म्हणतां आलें पाहिजे, आणि सांगणाऱ्यानें तें मानलें पाहिजे.

ही सोय दूरमुद्रकाच्या काळींच झाली. १९६३ सालच्या ‘ॲस्की’ संकेतांत यंत्राला हुकूम देण्यासाठीं कांहीं न छापणारीं अक्षरें राखून ठेविलीं होतीं. त्यांपैकीं १७ क्रमांकाचें अक्षर छिद्रपट्टी चालू करी आणि १९ क्रमांकाचें ती थांबवी. तेच हुकूम आजही चालतात. इंग्रजी वर्णमालेंतील सतरावें अक्षर क्यू आणि एकोणिसावें एस. म्हणून कंट्रोल कळीबरोबर एस दाबलें कीं ‘थांब’, क्यू दाबलें कीं ‘चालूं दे’.

एसटीटीवायमध्यें यासाठीं दोन शब्द आहेत, आणि त्यांच्या नांवांमुळें नवशिके फसतात. ‘आयएक्सऑन’ म्हणजे समोरच्यानें ‘थांब’ म्हटलें तर संगणकानें तें मानावें. ‘आयएक्सऑफ’ म्हणजे संगणकाचा स्वतःचा सांठा भरत आला तर त्यानें समोरच्याला ‘थांब’ म्हणावें. दुसरें नांव पहिल्याच्या उलट वाटतें, पण तसें नाहीं. एक ऐकण्याची अट, दुसरी बोलण्याची. मशीनला प्रोग्राम पाठवितांना आयएक्सऑन हवेंच. मशीनकडून संगणकांत प्रोग्राम परत घेतांना आयएक्सऑफ.

‘थांब’ म्हटल्याबरोबर मात्र सारें थांबत नाहीं. बारामती-इंदापूरकडे ज्यांनीं रात्रीं शेतांत दारें धरलीं असतील त्यांना हें सांगावयास नको. वीर येथें नीरेच्या डाव्या कालव्याचा दरवाजा खालीं घेतला म्हणून इंदापूरच्या बाजूचें पाणी त्याच क्षणीं तुटत नाहीं. वाटेंतलें पाणी येतच राहतें. केबलीचेंही तसेंच आहे. म्हणून ऐकणाऱ्यानें सांठा पुरा भरण्यापूर्वींच ‘थांब’ म्हणावयाचें असतें. जुन्या संगणकाच्या जागीं नवा आणला आणि मध्यें यूएसबीचें रूपांतरक जोडलें, कीं पूर्वीं सुरळीत चालणारें काम कधीं कधीं बिघडतें, याचें एक कारण हेंच. रूपांतरकाच्या पोटांत अगोदरच पुष्कळ अक्षरें उतरलेलीं असतात, आणि संगणक थांबला तरी तीं पुढें जात राहतात. अशा वेळीं वेग कमी करावा, किंवा ‘थांब’ हा हुकूम स्वतःच पाळणारें रूपांतरक घ्यावें.

दुसरी एक रीत आहे. १९६० सालच्या आरएस-२३२ या प्रमाणांत अक्षरांच्या तारांखेरीज ‘पाठवूं कां’ आणि ‘पाठव’ असें सांगणाऱ्या वेगळ्या तारा आहेत. त्या वापरावयाच्या तर एसटीटीवायला ‘सीआरटीएससीटीएस’ असें सांगावें. मजकुरांत १७ आणि १९ हीं अक्षरें सहजच येण्याचा संभव असेल तर हीच रीत बरी. नाहींतर मजकुरालाच हुकूम समजून घोटाळा होईल. परंतु केबल तीनच तारांची असेल तर ‘पाठव’ हा निरोप यावयाला वाट राहत नाहीं, आणि संगणक त्याची वाट पाहत बसून राहूं शकतो. अट लिहिण्यापूर्वीं केबल उघडून पाहावी.

घरोघरच्या मंडळींनाही याचा प्रसाद कधीं तरी मिळतो. लिनक्सची काळी खिडकी उघडून काम करणारा मुलगा संवयीनें, जतन करण्यासाठीं म्हणून, कंट्रोल आणि एस दाबतो. पडदा गोठतो. मुलगा घाबरून संगणकाची वीज बंद करतो आणि केलेलें काम जातें. खरें पाहतां कांहींच बिघडलेलें नसतें. त्यानें नकळत ‘थांब’ म्हटलें आणि संगणकानें तें ऐकलें. कंट्रोल आणि क्यू दाबलें कीं सारें पूर्ववत् चालूं लागतें. अटींचाच गोंधळ झाला असेल तर ‘एसटीटीवाय सेन’ एवढें टंकावें. सेन म्हणजे शहाणा.

रात्रपाळीच्या त्या कारागिरानें मग काय करावें? अटी लिहाव्या, ‘वजा ए’ म्हणून पुन्हा वाचाव्या, ठोकळा न बांधतां एक लांब प्रोग्राम चालवावा, आणि मशीन संगणकाला खरोखरच थांबवितें कीं नाहीं तें डोळ्यांनीं पाहावें. आणि मालकानें? शंका आली तर मशीन बंद ठेवून सकाळपर्यंत थांबण्याची मुभा त्या पोराला द्यावी. गप्प राहून पुढें गेलेल्या मुलाची वही शेवटीं अपुरीच राहते. हात वर करणाऱ्या मुलामुळें वर्गाचा खोळंबा होतो खरा, पण त्याचें वाक्य पुरें असतें.